‘चौघेही आहात ना?’ : रोस्किल्डच्या काकूंना आभारपत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

तुम्हाला काकू म्हणून लिहीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. डेन्मार्कमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि तुम्हीही पहिल्याच दिवशी स्वतःचे नाव सांगून तेच वापरा असे आम्हाला बजावले होते. परंतु आईहून वयाने मोठ्या असलेल्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे माझ्या आणि माझ्या कोल्हापूरच्या मित्राच्या जिभेला शेवटपर्यंत जमले नाही. आम्ही आपसात ‘काकू’ म्हणू लागलो, दोन दिवसांत आमची स्पॅनिश मैत्रीण आणि नेपाळी मित्रही तेच म्हणू लागले, आणि चौथ्या दिवशी मागून कोणीतरी ‘काकू’ म्हटल्यावर तुम्ही स्वतःच वळून पाहिलेत. तेव्हापासून तुमचे खरे नाव आमच्यात कोणी घेतलेले नाही, आणि तुमची अनुमती नसताना ते येथेही घेणार नाही.

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचे भाषांतर मी वेगळे पाठवीन. निरोप घेताना इंग्रजीतून तुमचे आभार मानले होते खरे, पण ते दुकानदाराने सुटे पैसे दिल्यावर मानावेत तसे झाले. आमच्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानले तर ‘परके करतोस का?’ असे विचारतात. तुमच्याकडे मागच्या भेटीचे आभार पुढच्या भेटीत ‘टाक फॉर सिस्ट’ म्हणून मानण्याची रीत आहे, आणि मी त्या रीतीच्या भरवशावर राहिलो. पुढची भेट लांबत गेली. शिवाय डेन्मार्कला शिकायला निघालेली इकडची मुले तुमच्या रोस्किल्ड गावच्या संगीत महोत्सवाविषयी विचारतात, तेव्हा कोणते कलाकार ऐकले हे सांगता सांगता माझे बोलणे दरवेळी तुमच्यापाशी येऊन थांबते. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

मी २०२१च्या शरद ऋतूत कोपनहेगनजवळ पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो. साथीमुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे महोत्सव झाला नव्हता, त्यामुळे २५ जून ते २ जुलै २०२२ या दिवसांत होणारा पन्नासावा महोत्सव हा वसतिगृहात हिवाळ्यापासूनच बोलण्याचा विषय होता. तिकीट दोन हजार क्रोनरच्या वर होते. खोलीचे भाडे भरून झाल्यावर महिन्याच्या अखेरीस डाळ-भातावर येणाऱ्या आम्हा चौघांना ते परवडणारे नव्हते, आणि महोत्सवात सुमारे ३० हजार लोक स्वयंसेवक म्हणून राबतात, त्यांना ३२ तासांच्या कामाच्या बदल्यात प्रवेश मिळतो, हे कळले तेव्हा आम्हाला ती केवळ स्वस्तात आत शिरण्याची वाट वाटली. हे तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही ते पहिल्याच फोनवर ओळखले होते. ‘गाणी ऐकायला येता आहात, हे उत्तम, पण सकाळी सहाच्या पाळीला उठाल ना?’ असे तुम्ही विचारलेत, आणि त्याच फोनवर आमच्या निवास परवान्यांवर कामाच्या तासांची काय अट आहे, याचीही चौकशी केलीत. आमच्यापैकी एकालाही ती अट आपणहून तपासून पाहण्याचे सुचले नव्हते.

तुमच्या गावातल्या हँडबॉल क्लबचा तो खाद्यपदार्थांचा ठेला होता. असे कितीतरी ठेले तिथे क्रीडामंडळे आणि स्थानिक संस्था चालवतात, काम करणाऱ्यांच्या श्रमातून संस्थेला पैसे मिळतात, आणि त्यातून मुलांचे गणवेश, चेंडू, सामन्यांचा प्रवासखर्च निघतो. महोत्सवही नफ्यासाठी चालत नाही. १९७१मध्ये शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांच्या पुढाकाराने तो सुरू झाला, पुढच्याच वर्षी एका स्थानिक धर्मादाय संस्थेकडे गेला, आणि आजही शिल्लक उरलेला पैसा सामाजिक व सांस्कृतिक कामांना वाटला जातो. कोल्हापूरच्या मित्राने हे सारे ऐकून जे उद्गार काढले, त्यांचे भाषांतर आम्ही तेव्हा तुम्हाला नीट करून सांगितले नव्हते. तो म्हणाला होता, ‘आमच्याकडे मंडळ दारोदार वर्गणी मागते, यांचे मंडळ बटाटे तळते.’

बटाटे तळण्यातले माझे कौशल्य तुम्ही पाहिलेच आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. पहिल्या रात्री मात्र जूनचा महिना म्हणजे उन्हाळा अशा समजुतीने मी एका चादरीवर निजलो आणि पहाटे तीनच्या सुमारास दात वाजू लागल्याने तंबूबाहेर येऊन बसलो. आकाश तेव्हाही पुरते काळे झालेले नव्हते. सकाळच्या पाळीला माझा चेहरा पाहून तुम्ही काही न विचारता गाडीतून एक राखाडी लोकरी स्वेटर काढून दिलात.

मी पुण्याचा. संगीत महोत्सव म्हणजे काय, याची माझी कल्पना लहानपणापासून सवाई गंधर्व महोत्सवावर पोसलेली. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या त्या महोत्सवात हजारो माणसे सतरंज्या अंथरून, शाली पांघरून तासन्‌तास बसून ऐकतात. शेजाऱ्याच्या गुडघ्याचा धक्का लागला तरी दोघेही क्षमा मागतात. तुमच्याकडे स्वयंसेवक धरून सुमारे १ लाख ३० हजार माणसांची ती आठवड्याची वस्ती, आणि नारिंगी छताच्या मुख्य मंचासमोर एकमेकांना खेटून उभी राहिलेली अफाट गर्दी. बसून ऐकलेल्या माणसाला उभ्याने ऐकणाऱ्या गर्दीचा अंदाज येत नाही, हे मला कळले नव्हते. तुम्हाला ते कळले होते.

प्रत्येक पाळी संपल्यावर, आम्ही हात पुसून निघत असताना, तुम्ही एकच प्रश्न विचारत होता : ‘चौघेही आहात ना?’ त्यानंतर कोणत्या मंचाकडे निघालो, परतताना कुठे भेटणार, आणि चुकामूक झाली तर कुठे यायचे, हे आमच्याकडून वदवून घेत होता. भेटण्याची जागा ठेल्यामागच्या पाण्याच्या नळापाशी ठरवली होती, आणि ती मोबाइलवर नुसती लिहून न ठेवता पाठ करावी असा तुमचा आग्रह होता, कारण इतक्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते आणि बॅटरीही संपते. पंचविशीतल्या आम्हाला हे बालवाडीच्या सहलीसारखे वाटत होते. तुमच्या पाठीमागे आम्ही त्याची नक्कलही केली. तीही येथे कबूल करतो.

गायिका दुआ लिपाचा कार्यक्रम झाला त्या रात्री नळापाशी आम्ही तिघेच पोहोचलो. कोल्हापूरकर आमच्यासोबत उभा होता, पुढे एकदा गर्दी डावीकडे सरकली, आणि त्यानंतर तो दिसला नाही. फोन लागत नव्हता. अर्धा तास झाला, एक तास झाला. तुमची पाळी केव्हाच संपली होती, तरी तुम्ही आमच्यासोबत उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून राहिलात, थर्मासमधली कॉफी वाटलीत, सुरक्षा-स्वयंसेवकांना त्याचे वर्णन कळवलेत, आणि आमच्यापैकी एकालाही त्याला शोधायला गर्दीत जाऊ दिले नाही. ‘एक हरवला आहे, दोन करू नका,’ एवढेच म्हणालात.

त्या रात्री तुम्ही ३० जून २०००ची हकीगत सांगितलीत. पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम सुरू असताना त्याच नारिंगी मंचासमोर, ओल्या, निसरड्या जमिनीवर पुढची माणसे पडली, मागच्या हजारोंना ते दिसलेच नाही, आणि नऊ तरुण मुले गुदमरून गेली. तुम्ही तेव्हाही क्लबच्या ठेल्यावरच होता. तुमचा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या गर्दीत होता आणि तो पहाटे चार वाजता ठेल्यावर आला. तोपर्यंत तुमच्या हिशेबात एक माणूस कमी होता. ‘तो आला, म्हणून मला हे सांगता येते,’ असे म्हणून तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

मी ज्या राज्यातून येतो तिथे हा विषय नवा नाही, हे मी तेव्हा मोडक्यातोडक्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला होता. जानेवारी २००५मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक गेले. सप्टेंबर २०१७मध्ये मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर वीसहून अधिक प्रवासी गेले. आम्ही या सगळ्याला ‘चेंगराचेंगरी’ हा एकच शब्द वापरतो, आणि त्या शब्दात नकळत माणसांवरच ठपका असतो, जणू ती एकमेकांना तुडवत धावत सुटली होती. तुमच्याकडून मला प्रथमच समजले की अशा गर्दीत बहुतेक वेळा धावायला जागाच नसते. माणूस उभ्या-उभ्या छातीवर येणाऱ्या दाबाने गुदमरतो, आणि मागून रेटणाऱ्याला आपण कोणाला मारत आहोत याची कल्पनाही नसते. म्हणून उपाय माणसांना समजावण्याआधी जागेत करायचा असतो.

तो उपाय दुसऱ्या दिवशी तुम्ही मला प्रत्यक्ष दाखवलात. इतर लोक पाहुण्यांना मंच दाखवतात, तुम्ही मला कठडे दाखवलेत. मंचापुढची जागा भक्कम कठड्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली, प्रत्येक कप्प्यात मोजूनच माणसे सोडलेली, आत जाण्यासाठी वेगळी रांग, पुढच्या ओळींना पाण्याचे पेले देत चेहरे न्याहाळणारे स्वयंसेवक. गर्दीच्या डोक्यांवरून हातोहात सरकत जाण्याच्या खेळाला तिथे मनाई आहे, आणि आदल्या दिवसापर्यंत ती मनाई मला अकारण वाटत होती. नंतर तुम्ही मला झाडांमधल्या त्या स्मृतिशिळेपाशी नेलेत. तिच्यावर ‘आपण किती नाजूक आहोत’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. तुम्ही तिथे हात जोडले नाहीत की डोळे मिटले नाहीत; शिळेवर पडलेला एक बिअरचा डबा उचललात आणि पिशवीत टाकलात.

कोल्हापूरकर पहाटे पावणेतीनला आला, हे सांगायचे राहिलेच. तो दुसऱ्या बाजूच्या दाराने बाहेर ढकलला गेला होता, लोंढ्याबरोबर भलत्याच छावणीत पोहोचला होता, फोन बंद पडला होता, आणि हजारो सारख्या दिसणाऱ्या तंबूंमध्ये आपला तंबू ओळखणे त्याला अशक्य झाले होते. पाठ केलेली जागा तेवढी आठवत होती, म्हणून विचारत विचारत तो नळापाशी आला. तुम्ही त्याला रागावला नाहीत. आमच्याकडे वळून ‘चार’ म्हणालात आणि थर्मासचे झाकण लावलेत. त्यानंतर आम्ही तुमची नक्कल केली नाही.

त्या आठवड्यातले सगळेच काही मला भावले असे नाही. शेवटच्या दिवशी टाकून दिलेले तंबू, खुर्च्या आणि गाद्या यांचा जो खच पाहिला, तो पाहून मला तुमच्या देशाच्या शिस्तीविषयीच्या माझ्या कल्पना बदलाव्या लागल्या. तुम्हाला त्याची लाज वाटत होती, आणि आमचा तंबू आम्ही घडी घालून नेतो की नाही हे पाहायला तुम्ही स्वतः येऊन उभ्या राहिलात.

तो २ जुलैचा शनिवार होता. त्याच दिवशी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा दुसरा टप्पा रोस्किल्डहून निघून न्यूबोर्गला जायचा होता, त्यामुळे गाव पिवळ्या पताकांनी सजलेले आणि स्टेशनाकडच्या वाटा माणसांनी भरलेल्या. आठवडाभर न झोपलेले, धुळीने माखलेले आम्ही आणि सकाळी आंघोळ करून मुलांना खांद्यावर घेऊन आलेली कुटुंबे, असे दोन प्रवाह एकमेकांना वाट देत होते. फलाटावर तुम्ही शेवटचे मोजलेत, आणि गाडी सुटल्यावर हे प्रकरण येथे संपले असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, कोपनहेगनच्या फील्ड्स या मॉलमध्ये गोळीबार झाला आणि तीन जणांचा जीव गेला. आमची स्पॅनिश मैत्रीण त्या मॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती. बातमी नीट कळण्याआधी, घरून आईचा फोन येण्याच्याही आधी, तुमचा संदेश आला. त्यात विचारपूस नव्हती, सूचना नव्हती. एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह होते : ‘चार?’

नेपाळी मित्र माझ्याच खोलीत होता, कोल्हापूरकर ग्रंथालयात सापडला, आणि मैत्रीण दाराला कडी लावून घरात बसली होती, पण तिचा फोन लागायला चाळीस मिनिटे गेली. तेवढा वेळ मी तुम्हाला काहीही कळवले नाही, कारण ‘तीन’ असे लिहून पाठवणे मला शक्य नव्हते. त्या चाळीस मिनिटांत मला तुमची ती पहाटेची चार वाजेपर्यंतची रात्र थोडीशी कळली. मग मी ‘चार’ असे उत्तर पाठवले, आणि तुम्ही अंगठा दाखवणारे चिन्ह पाठवून विषय संपवलात.

काकू, टाक फॉर सिस्ट.

आपला कृतज्ञ,
ठेल्यावरचा पुणेकर

ता. क. – तुमचा राखाडी स्वेटर माझ्याबरोबर पुण्याला आला आहे. डिसेंबरात सवाईच्या मंडपात रात्री तो उपयोगी पडतो. परत हवा असल्यास कळवावे.