गडग्याचं भांडण मिटलं, दाब उतरला नाही

पुणे, १४ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर रक्तदाबाचा विषय काढला की बाबा "मी बरा आहे" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहायला बसले. पत्र दोघांनी ओटीवर बसून, एकत्र वाचा.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी शेजारच्या गड्याने आपल्या हद्दीच्या गडग्याचे चार चिरे काढले आणि बाबा, तुम्ही आगरात धावलात. परत आलात तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी नवं मशीन नुकतंच आणलेलं, लगेच दंडाला पट्टा गुंडाळला. १७८ वर ९६. त्याचं मला काही वाटलं नाही. भांडून आलेल्या कुणाचाही दाब चढतो, शरीर त्यासाठीच बनलेलं आहे. मी घाबरले ती पुढच्या आकड्यांना. दहा मिनिटांनी १७४. अर्ध्या तासाने १६८. जेवणं उरकली, आईने मागचं आवरलं, आणि दोन तासांनी अजून १६२. सकाळी याच मशीनवर १३८ होता. चिरे तोवर जागेवर बसले होते, तो गडी घरी जाऊन झोपलाही असेल. तुमच्या छातीत मात्र भांडण चालूच होतं.

अकरा वर्षं मी स्ट्रेस टेस्टच्या खोलीत काम करते आहे. माणसाच्या छातीला तारा लावायच्या, त्याला पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा. पट्टा थांबला की माणसाला वाटतं, सुटलो. आम्ही तारा काढत नाही. ठोके आणि दाब कसे खाली येतात, ते पुढची काही मिनिटं बघायचं असतं. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुमारे अडीच हजार माणसांची अशी नोंद तपासली होती. व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. मनाच्या ताणाचंही तसंच. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांचा एक मोठा अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यातल्या काहींना डोकं तापेल अशी कामं दिली आणि नंतर दाब मूळपदावर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. ज्यांचा रेंगाळला, त्यांचा एरवीचा दाबही तीन वर्षांनी जास्त वाढलेला आढळला.

हे मी रोज परक्या माणसांत बघते, बाबा. त्या संध्याकाळी माझ्याच घरच्या पडवीत बघितलं.

राग आला की ॲड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात ढकलू लागतं. मग लगाम ओढायचं काम दुसऱ्या मज्जातंतूचं. मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत दाब जोखणाऱ्या जागा असतात. भिंत ताणली गेली की त्या मेंदूला कळवतात आणि मेंदू ठोके हळू करतो. वय झालं की ती भिंत कडक होते, मग ताण नीट जोखला जात नाही आणि लगाम उशिरा ओढला जातो. दाब जास्त वेळ चढा राहिला की भिंत आणखी कडक होते.

तुम्ही शिंपण्याचा पाइप तीन उन्हाळे उघड्यावर ठेवलात, आठवतं? नवा होता तेव्हा पंप सुरू केला की जरा फुगायचा, धक्का स्वतः सोसायचा. कडक झाल्यावर तोच धक्का सरळ टोकाला जाऊ लागला आणि टोकाच्या बारीक नळ्या निखळायला लागल्या. शरीरात त्या बारीक नळ्या मेंदूत असतात. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं १५ ते २० टक्के त्याच्याकडे जातं, तेही अखंड. म्हणून कडक धमनीतला धक्का त्याला पहिला लागतो. वर्षानुवर्षं असं झालं की एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसू लागतात, विचार मंदावतो, शब्द पटकन सुचत नाहीत. हृदयाचंही तेच, जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते.

या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणताना तुम्ही मध्येच थांबलात. पन्नास वर्षं पाठ असलेलं. "झोप झाली नाही," म्हणालात. तसंच असेल, एका अडखळण्यावरून मी काही ठरवत नाही. पण तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, तेही लपवत नाही.

दाब आवरल्याने मेंदूला फायदा होतो याचा पुरावा आहे. अमेरिकेत नऊ हजारांवर माणसांत वरचा आकडा काहींचा १४० च्या खाली आणि काहींचा १२० च्या खाली ठेवून पाहिलं. २०१९ साली निष्कर्ष आले: १२० वाल्यांत स्मरण-विचारातली सौम्य घसरण १९ टक्के कमी. पूर्ण स्मृतिभ्रंशात मात्र ठाम फरक दिसला नाही. तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टरच ठरवतील. पण चार दिवस १३० आला की गोळी बंद करायची, हे आता नको. तो १३० गोळीमुळेच असतो.

आई, तुझी गोष्ट वेगळी. भांडणाच्या वेळी तुझा दाब १४८ होता आणि पंधरा मिनिटांत १३० वर आला. मला बरं वाटलं. पण रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर तू माजघरात जागी, आणि विचारलंस, "त्याने असं का केलं असेल गं?" झालेला प्रसंग मनात पुन्हा उगाळला की दाब पुन्हा चढतो. रात्रीच्या झोपेत तो दहा ते वीस टक्के खाली यायला हवा. तो येत नसेल, तर दिवसाचे चांगले आकडे फसवे. रात्री कुशी बदलत राहिलीस तर त्याची वेळ लिहून ठेव. आणि बाबा घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, तेही बघ. तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांग.

आता माझं मागणं. सुपारीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आकडे लिहा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि अर्धा तास आधी चहा नाही, पानातला तंबाखूही नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. घरी सरासरी १३५ वर ८५ च्या पुढे राहू लागली तर मला कळवा. कधी वाद झालाच, तर झोपाळ्यावर बसून दहा मिनिटं लांब उच्छ्वास टाका, मिनिटाला सहाच श्वास. आणि बाबा, येईल त्याला गडग्याची गोष्ट पहिल्यापासून सांगू नका. संध्याकाळी दोघं समुद्रावर चालायला जा. मीठ दिवसाला माणशी एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची सगळं धरून. रात्री उठलात तर आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, मग मागीलदारी जा.

बाबा, मला ठाऊक आहे, हा राग चार चिऱ्यांचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्या बापजाद्यांच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. तुम्ही रडला नाहीत, दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन झावळ्या तोडायला लागलात. नवी रोपं लावलीत, घागरीने पाणी घातलंत. त्या गडग्याला लागूनच त्यांची पहिली ओळ आहे. तिथे कुणी हात लावला की तुमचं काय होतं, ते मला कळतं.

म्हणून मी आणि बंड्याने ठरवलं आहे. जमिनीची सरकारी मोजणी आपण आणू. अर्ज मी भरते, पैसे बंड्या भरेल, आणि मोजणीच्या दिवशी आम्ही दोघं तिथे उभे राहू. तुम्ही ओटीवर बसा. आई, कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात सातबारा आणि जुना नकाशा आहे, त्यांचे फोटो शेजारच्या मुलाकडून काढून पाठव. वहीच्या पानाचाही एक पाठव, त्यातले आकडे बाबांच्या अक्षरात हवेत.

तुमची,
ताई