मांगरातल्या प्रदर्शनासाठी थँक्यू, नावं न घेता

मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या शेडमध्ये, मी चित्रांचं प्रदर्शन लावलं त्याला मदत करणाऱ्यांनो, नावं टाकू नको अशी तंबी तुम्हीच दिलीये म्हणून असंच लिहितेय. गाबिताच्या (मासेमारी करणाऱ्या घरातल्या) पोरीने क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनात कुठली कामं कशी लावायची ते ठरवणारी, व्हायचं म्हणजे नक्की काय, हे मालवणात घरच्यांना सांगता सांगताच दमछाक, त्यात मुंबईत ओळख नाही आणि कॉन्सेप्ट नोट (प्रदर्शनामागची कल्पना सांगणारं टिपण) सगळ्यांना इंग्रजीतच हवी. माझी मराठीतली नोट वाचून "आधी चित्रं निवड गो, भाषेचं नंतर बघू" म्हणणाऱ्या ताई, खरंच थँक्यू. ज्यांनी मानधन आधीच हातात दिलं त्यांचे तर डबल आभार, कारण आधी खर्च करा मग बिलं लावा ही पद्धत ज्यांच्या खिशात आधीच पैसे असतात त्यांच्यासाठीच बनलीये (माझं ठाम मत!). कोचीला २०१४ पासून स्टुडंट्स बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं विद्यार्थ्यांचं कलाप्रदर्शन) होते, त्यात तरुण क्युरेटर आर्ट कॉलेजांमधल्या मुलांची कामं निवडतात, हेही तुमच्यामुळेच कळलं. मांगर रिकामा करून देणारे काका, पावसात कागदाला बुरा (बुरशी) येतो, दिवाळीनंतर कर म्हणालात, म्हणून पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी लोककला) आणि आत्ताच्या पोरांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावता आले. आणि प्रोजेक्टरवाले दादा, तुमची वायर माझ्याकडेच राहिलीये, रविवारी आणून देते.