खुले पत्र: भट्टीत वाळवलेल्या कोरबद्दल, पेट्रोलियम मंत्र्यांना

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार. सरोवरी शेलचा, म्हणजे प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या खडकाचा, कोर (विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल) वर येताच गोठवून प्रयोगशाळेकडे दिला जाईल, असं आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाने लेखी कबूल केलं होतं. गेल्या आठवड्यात पेट्या आल्या. पुठ्ठ्याच्या. कोर उभा चिरलेला आणि वर चिठ्ठी: 'नमुने १०५ अंशांवर २४ तास वाळवले आहेत.' एवढी सेवा केल्याबद्दल आभारच मानायला हवेत.

त्या चिठ्ठीचा अर्थ असा. खडक तापवून त्यातलं तेल मोजणाऱ्या रॉक-इव्हॅल यंत्रात चिमूटभर, म्हणजे ६०-७० मिलिग्रॅम पूड ३०० अंशांना तापवली की सुटं तेल बाहेर येतं. तो एस-१, दर ग्रॅम खडकामागे इतके मिलिग्रॅम. पुढे ६५० अंशांपर्यंत नेलं की केरोजन, म्हणजे खडकातला अजून तेल न झालेला घन सेंद्रिय पदार्थ, फुटतो, तो एस-२. एस-१मधला हलका भाग, म्हणजे विहिरीतून सहज वाहून येणारा, नेमका भट्टीत उडतो. ओव्हनच्या खोलीत रॉकेलसारखा वास सुटला असेल ना? तेच तेल होतं, साहेब. देशाने एवढी खोल विहीर खणून काढलं आणि हुंगून संपवलं.

जड तेलाची खोड वेगळी. ते ३०० अंशांना सुटत नाही, एस-२मध्ये जाऊन केरोजनच्या खात्यावर जमा होतं. म्हणून पुडीचा एक वाटा डायक्लोरोमिथेनने धुऊन पुन्हा चालवायचा, धुण्याआधीच्या आणि नंतरच्या एस-२मधला फरक काढायचा आणि तो एस-१मध्ये मिळवायचा. जड तेल असं सापडतं. उडालेल्याला उपाय नाही.

आता 'अमुक अब्ज पिंपं' या भाषेबद्दल. खडकात तेल असणं आणि ते सुटणं या दोन गोष्टी आहेत. केरोजन स्वतःच तेल पितो आणि फुगतो. ढोबळमानाने दर ग्रॅम सेंद्रिय कार्बनमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. त्याचं पोट भरल्यावर जे सांडतं, तेच सरकतं. काळ्याभोर थरात कार्बन ८ टक्के आणि एस-१ ६ असेल, तर गुणोत्तर, म्हणजे दर ग्रॅम कार्बनमागे तेलाचे मिलिग्रॅम, ७५. म्हणजे सगळं तेल पोटात. त्याला चिकटलेल्या दोन मिलिमीटरच्या करड्या गाळवट पट्टीत कार्बन ०.८ टक्के आणि एस-१ २.४, तर गुणोत्तर ३००. तेल निम्म्याहून कमी, पण ते शेजारून आलेलं आणि सुटं. काळा थर दाखवून फोटो काढले जातात. तेल देते ती करडी पट्टी. दर मीटरला एक नमुना घेऊन सरासरी काढणाऱ्यांना ही पट्टी कधी दिसतच नाही.

ते तिथवर जातं कसं? केरोजनचं तेल होताना आकारमान वाढतं, दाब चढतो आणि थरांच्या सांध्यांत केसासारख्या भेगा उघडतात. तेल पट्टीत शिरतं, दाब उतरतो, भेगा मिटतात, आणि पुन्हा तेच. या प्रवासात हलके संपृक्त घटक पुढे निघतात. रेझिन आणि अस्फाल्टीन हे जड, चिकट घटक मागे केरोजनला आणि चिकणमातीला धरून बसतात. त्यात सरोवरातल्या शेवाळापासून बनलेलं तेल मेणचट. राजस्थानातल्या बाडमेर हिलच्या सरोवरी शेलमधून निघून फतेगढच्या वालुकाश्मात साठलेलं मंगला क्षेत्राचं तेल गरम नळातूनच न्यावं लागतं, हे मंत्रालयाला माहीत असावं. अमेरिकेतल्या युंटा खोऱ्यातलं पिवळं आणि काळं मेणही तापवलेल्या, इन्सुलेट केलेल्या टँकरमधून जातं.

एवढं असूनही आकडे उधळणं थांबत नाही. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाच्या २०१३च्या अहवालात भारतासाठी ८७ अब्ज पिंपं शेल तेल होतं, खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर खोरी धरून. त्याच अहवालात काढता येण्याजोगं ३.८ अब्ज. भाषणात कुठला आकडा येतो, सांगायला नको. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर शेलची चार हजार अब्ज पिंपंही अशीच मिरवली जातात. तो तर अजून तेलही न झालेला केरोजन आहे, भट्टीत भाजावा लागणारा.

मागण्या साध्या आहेत. कोर काढताना वॉटर-बेस्ड मड, म्हणजे पाण्यात कालवलेला ड्रिलिंगचा चिखल, वापरा. ऑइल-बेस्ड मडमधलं तेल एस-१मध्ये मिसळतं आणि खडक उगाच श्रीमंत दिसतो. कोर वर येताच तिथेच कापून नमुना लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका आणि पूडही गोठलेल्या अवस्थेतच करा, कारण दळताना उष्णता होते. पायरोलिसिस यंत्र, म्हणजे वर सांगितलेलं तापवून मोजणारं, विहिरीवर न्या. एस-१ कधीही कार्बनच्या टक्केवारीशिवाय छापू नका. विहिरीच्या बिलात नायट्रोजनची टाकी शोधूनही सापडणार नाही इतकी ती क्षुल्लक आहे. पण निविदेत कोरचे मीटर मोजतात, तास कोणी मोजत नाही. सर्वांत स्वस्त देकार देणारा पेट्या पोचवतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. यात चूक ओव्हन लावणाऱ्या पोराची नाही. त्याला वाळूच्या दगडाची रीत शिकवली आणि शेल हाती दिला. २०१८मध्ये अपारंपरिक तेलासाठी धोरण आलं. चांगलंच झालं, पण धोरणाने कोर गार राहत नाही.

पुढच्या कोरच्या प्रत्येक नळीवर दोन वेळा लिहायला सांगा: वर आल्याची आणि गोठवल्याची.

आलेल्या पेट्यांचा अहवाल सोबत जोडला आहे. कार्बनचा रकाना भरला आहे. एस-१च्या रकान्यात रेघ मारली आहे, शून्य नाही. त्या रेघेवर पुढे कुणी आकडा लिहिला, तर तो आमच्या प्रयोगशाळेचा समजू नये.

आपला,
एक भू-रसायन विश्लेषक