एडीएचडीचे मूळ शिस्तीत शोधू नये : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांच्या शाळेतील नोंदी

महोदय,

तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्या टेबलावर औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर मुलांच्या शाळेच्या डायऱ्याही येतात. ‘जागेवर बसत नाही, गृहपाठ अपूर्ण, घरी शिस्त लावावी, पालकांनी भेटावे.’ या लाल शाईमागे आकस नसतो, भरलेला वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाची हतबलता असते. परंतु शेऱ्यात जे कारण गृहीत धरलेले असते ते चुकीचे असते.

एडीएचडी ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता, मुलामुलांमधील या लक्षणांच्या फरकापैकी सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडता येतो. याचा अर्थ ‘एडीएचडीचे जनुक’ नावाची एखादी गोष्ट आहे असा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील २७ ठिकाणांचा संबंध आढळला, पण प्रत्येकाचा परिणाम किरकोळ होता. असे असंख्य बारीक फरक एकत्र येऊन मुलाचा कल ठरतो. त्यामुळे रक्त तपासून किंवा एमआरआय काढून हे निदान होत नाही, आणि तसे करून देऊ म्हणणाऱ्यांपासून पालकांनी लांब राहिलेलेच बरे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळचे कमी वजन आणि शिशाचा संपर्क यांनी धोका वाढतो. आईच्या लाडाने किंवा साखरेने एडीएचडी होते, याला मात्र आधार नाही.

अमेरिकेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी कमाल होण्याचे मध्यक वय इतर मुलांमध्ये साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा वर्षे होते. हा उशीर कपाळामागच्या, म्हणजे स्वतःला आवर घालणाऱ्या भागात सर्वाधिक होता. हे आकडे गटाचे आहेत, एकेका मुलाला लावायचे नाहीत. तरीही तिसरीतल्या मुलाकडून आपण नेमके काय मागतो आहोत, याचा विचार या आकड्यांनी करायला लावावा.

आनुवंशिकतेचा एक व्यावहारिक परिणाम आपल्या खात्याच्या लक्षात आलेला दिसत नाही. अशा मुलाच्या आईला किंवा वडिलांना तीच लक्षणे असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. मी मुलाबद्दल विचारत असतो, प्रश्न पुरा होण्याआधी वडिलांचे उत्तर येते, खुर्चीत त्यांचा पाय हलत असतो आणि रेफरलचा कागद घरी राहिलेला असतो. ‘घरी शिस्त लावावी’ हा शेरा जातो तो त्यांच्याकडे, आणि तारखा पाळणे, फॉर्म भरणे, जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा खेटे घालणे हेही आपण त्यांच्यावरच सोपवतो. मग पालक उदासीन आहेत अशी नोंद होते.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडीचा समावेश आहे. परंतु या कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक शाळेत येते वर्षातून एकदा, आणि अनोळखी डॉक्टरसमोर बरीच मुले काही मिनिटे निमूट बसतात. निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे वर्गशिक्षकाचे निरीक्षण हा निदानाचा आवश्यक भागच आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, आरोग्य खात्याच्या सल्ल्याने या निरीक्षणाचा एक पानी नमुना तयार करावा, तो भरण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्यावे आणि भरलेला नमुना पालकांच्या हाती न देता शाळेनेच पथकाकडे सोपवावा. तपासणीची तारीख शाळेने पालकांना आदल्या दिवशी फोन करून कळवावी. त्या नमुन्यात खोड्या आणि चुळबुळ यांच्या रकान्यांच्याही आधी ‘गप्प बसते, पण सूचना अर्धवट ऐकते’ हा रकाना असावा, कारण वर्गात कुणालाच त्रास न देणाऱ्या मुली आजच्या लाल शेऱ्यांत सापडतच नाहीत.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ