मॉन्टेव्हिडिओहून, वर्ष संपताना

मॉन्टेव्हिडिओ, 28 डिसेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आपली गाडी जेवणखाण आणि बाबांची शुगर यापुढे सरकतच नाही. शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हा विषय मी काढला की आई "तिन्हीसांजेला काय हे बोलतेस" म्हणून फोन बाबांच्या हातात देते. म्हणून लिहितेय. दुपारी वाचा, म्हणजे तिन्हीसांजेची सबब नको.

वर्ष इथे भरगच्च गेलं. 1 मार्चला यामांदू ओर्सी उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मूळचे इतिहासाचे शिक्षक, बाबा, तुमच्याच पेशातले! 1985 साली याच तारखेला लष्करशाही संपून इथे लोकशाही परत आली, त्यामुळे चाळिशीही साजरी झाली. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या घोषणेला 200 वर्षं झाली. सप्टेंबरमध्ये पेरूला 3-0 हरवून पुढच्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं. जेमतेम 35 लाखांचा देश, पण फुटबॉलचा विषय निघाला की यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

पण मनात राहिला तो मे महिना. 13 तारखेला पेपे मुहिका गेले. निळी जुनी फोक्सवॅगन चालवणारे, पगाराचा बहुतेक भाग वाटून टाकणारे इथले माजी राष्ट्राध्यक्ष. बाबा, तुम्हीच मला त्यांचं कात्रण पाठवलं होतंत. तरुणपणी हा माणूस तुपामारोस या सशस्त्र संघटनेत होता, सहा गोळ्या लागल्या, बारा-तेरा वर्षं तुरुंगात काढली. बंदूक धरलेल्या माणसाला संत करू नका, असं म्हणणारेही इथे पुष्कळ आहेत आणि त्यांचंही चूक नाही. मला भावलं ते शेवटचं वर्ष. अन्ननलिकेचा कॅन्सर यकृतात पसरल्यावर जानेवारीत त्यांनी एका साप्ताहिकाला सांगून टाकलं: आता उपचार नकोत, माझा फेरा संपला, लढवय्यालाही विश्रांतीचा हक्क आहे. मला मुलाखती मागू नका, असंही बजावलं. पुरायचं कुठे, तेही आधीच सांगून ठेवलेलं: स्वतःच्या शेतात, झाडाखाली, मान्वेलाजवळ. मान्वेला म्हणजे त्यांची तीन पायांची कुत्री. बायको लुसिया तोपोलान्स्की, त्याही उपराष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या. त्यांना काही अंदाज बांधावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा 18 दे हुलिओ या मोठ्या रस्त्याने गेली. शवपेटी घोड्यांच्या गाड्यावर. माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात मातेचा भोपळा (माते म्हणजे इथला कडू पाला, नळीने ओढून पितात). गाडा समोर आला तशी त्यांनी नळी ओठांपासून बाजूला केली, टाळ्या वाजवता येईनात म्हणून भोपळा माझ्याकडे दिला, आणि गाडा पुढे गेल्यावर परत मागून घेतला. आम्ही एक शब्दही बोललो नाही.

पुढच्याच आठवड्यात, 20 मेला, त्याच रस्त्यावर मूक मोर्चा निघाला. हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्यांचे फोटो घेऊन लोक दरवर्षी चालतात. एकेक नाव पुकारलं जातं आणि सगळे म्हणतात, "हजर!" यांतल्या बहुतेकांच्या घरच्यांना देहच मिळालेले नाहीत. मुहिका असते तर त्याच दिवशी नव्वद पूर्ण केली असती.

हिवाळ्यात, जूनमध्ये, थंडीची लाट आली आणि रस्त्यावर झोपणारी सात माणसं दगावली, तेव्हा सरकारला जाग आली आणि रेड अलर्ट जाहीर झाला. एवढ्याशा देशात हे व्हावं याची लाज इथल्या लोकांनाही वाटली.

आणि 15 ऑक्टोबरला सिनेटने 31 पैकी 20 मतांनी इच्छामरणाचा कायदा मंजूर केला. लॅटिन अमेरिकेत संसदेने असा कायदा करणारा हा पहिला देश. कोलंबिया, इक्वाडोरला वाट कोर्टाने दाखवली. सज्ञान, शुद्धीवर असलेला, असह्य दुखण्यातून बरा न होणारा माणूसच अर्ज करू शकतो, तोही लेखी. मतदान झाल्यावर प्रेक्षकांतून "खुनी!" अशा आरोळ्याही आल्या. माझ्या ऑफिसात दोन दिवस कामापेक्षा वादच जास्त झाला.

घाबरू नका, मी तसलं काही मागत नाहीये. आपल्याकडे तसा कायदा नाहीच. पण अरुणा शानबाग 42 वर्षं केईएममध्ये पडून होत्या, त्यांच्या खटल्यातून 2011 साली जे सुरू झालं ते आता बरंच पुढे आलंय. 2018 पासून उपचारांबद्दलचं आपलं इच्छापत्र करता येतं: बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी एवढ्यावर भागतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

मिरजेच्या आत्याचं आठवा. आयसीयूत तीन आठवडे, आणि बाहेर तिची तीन मुलं सही कुणी करायची यावर भांडत. आत्याला काय हवं होतं हे एकालाही माहीत नव्हतं. बाबा, तुम्ही त्या दिवशी जिन्यात मला म्हणालात, "माझं असं करू नका." मी ऐकलंय, पण दादाने ऐकलेलं नाही, आणि नुसतं माझ्या सांगण्यावर डॉक्टर काय करणार?

आई, तुला नळ्या हव्या असतील तर तसं लिही. तो तुझा निर्णय, त्यात मी पडणार नाही. फक्त दोघांचे कागद वेगवेगळे हवेत, बाबांच्या कागदाखाली "मलाही तसंच" चालणार नाही.

फेब्रुवारीत मी येतेय. नोटरीची वेळ दादा घेऊन ठेवेल, साक्षीदार म्हणून शेजारच्या कुलकर्णी काकांना विचारा. आणि आई, या खेपेला मेतकूट अर्धा किलोच दे, मागचं अजून संपलेलं नाही.

तुमची,
मंजू