मोटरहोमसाठी धोरण आलं, आता मैल्याची टाकी रिकामी करायला जागा द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोटरहोमवर, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेल्या गाडीवर लेख आला होता, फोटो छानच होते, समुद्राकाठी गाडी उभी, बाजूने छत ओढलेलं, खाली दोन खुर्च्या आणि चहाची किटली. तो वाचून आमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या सहा-सात जणांचे फोन आले, ठाण्याहून घोडबंदर रोडवरून दोन आणि बाकी इथलेच, की तुमच्याकडे आहे ना अशी गाडी, आम्हीपण घ्यायचं म्हणतोय, किती पडते. मी प्रत्येकाला एकच विचारलं, किमतीचं नंतर बघू, टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करणार ते ठरवलंय का? कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि यात त्यांची चूक नाही कारण हा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही नेरुळला राहतो. मी शिक्षिका होते, मिस्टर इलेक्ट्रिकलमध्ये होते, दोघं रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली आणि तीन वर्षांत कोकण, नाशिक, कोल्हापूर, खाली गोकर्णपर्यंत जाऊन आलो. गाडी आम्हाला प्राणप्रिय आहे हे आधीच सांगते, उगाच कोणी नको म्हणतेय असं समजू नये.

पहिली ठेच लागली ती कागदावर. आधी आम्ही एका बॉडी बिल्डरकडे गेलो होतो, त्याने सांगितलं साधी व्हॅन घ्या, आत बेड, किचन, टॉयलेट सगळं मी करून देतो, पासिंगचं बघून घेऊ. ऐंशी हजार ॲडव्हान्स दिला. मग मिस्टरांनी आरटीओत चौकशी केली तेव्हा कळलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आरसीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. मोटर कॅराव्हॅनसाठी (सरकारी कागदांवर मोटरहोमला हेच म्हणतात) एआयएस १२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं अप्रूव्हल असलेली गाडी असेल तरच ती कॅराव्हॅन म्हणून नीट रजिस्टर होते, आणि स्वतःच्या वापरासाठी असेल तर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे खासगी गाड्यांत बसते. तसं नसेल तर उद्या अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने विचारलं की आरसीवर तर हे काहीच नाही, तर आपण काय बोलणार? आम्ही ते काम सोडलं, अप्रूव्हल असलेली गाडी दुसरीकडून घेतली, ते ऐंशी हजार अजून परत मिळालेले नाहीत. म्हणून जे घेणार असतील त्यांना हात जोडून सांगते, पैसे द्यायच्या आधी अप्रूव्हलचा कागद डोळ्यांनी बघा, बघून घेऊ या शब्दावर एक रुपया देऊ नका.

मग पार्किंग. गाडी पावणेतीन मीटर उंच, सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये शिरतच नाही, खाली मोकळ्या जागेत ठेवते म्हटलं तर कमिटीने ठराव केला की कमर्शियल गाड्या नकोत. आरसीवर प्रायव्हेट लिहिलंय हे दाखवलं, तरी दिसायला टेम्पोसारखी दिसते म्हणून नाही. रस्त्यावर ठेवली तर दोनदा दंड. आता कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या यार्डात महिना साडेतीन हजार देऊन ठेवतो, तिथला वॉचमन चांगला आहे, पावसाळ्यात ताडपत्री सुटली तर फोन करतो. ठाण्याचे दोघंतिघं तर गाडी भिवंडीच्या गोडाऊनला ठेवतात आणि निघायच्या आदल्या दिवशी आणायला जातात.

वजनाचं कोणी सांगत नाही तेपण लिहिते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो हे शाळेतलं गणित, पण १८ एमएमच्या प्लायची एक आठ बाय चारची शीटच तीस किलोच्या वर जाते, वर बॅटरी, सोलर पॅनल, गाद्या, भांडी. आम्ही सगळं भरून, दोघं आत बसून, टाकी फुल करून वजनकाट्यावर गेलो तर आरसीवरच्या जास्तीत जास्त वजनापेक्षा फक्त नव्वद किलो खाली होतो. त्या दिवसापासून निघताना टाकी अर्धीच भरतो, घाटात ब्रेकला फरक लगेच कळतो. टायरचं तसंच, या गाड्या चालतात कमी आणि उभ्या जास्त, त्यामुळे नक्षी नवीन दिसते पण बाजूने चिरा पडलेल्या असतात. टायरवर चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, तेवढं वाचायला शिका.

लाइटचा हिशोब मिस्टर सगळ्यांना समजावतात, तो सोपा आहे. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट. इंडक्शनवर वरणभात, भाजी केली की पाऊण-एक युनिट गेलं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे कोकणात मे महिन्यात रात्रभर एसी लावायचा तर कुठेतरी पंधरा अँपिअरचा प्लग मिळालाच पाहिजे, तोही अर्थिंगवाला. आणि घरचा लाल सिलिंडर गाडीत ठेवून स्वयंपाक करणारे लोक मी बघितलेत, कृपा करून करू नका, तो गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खाली फरशीवर साचतो आणि बंद गाडीत झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आता मूळ मुद्दा.

आमच्या गाडीत कॅसेट टॉयलेट आहे, बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून टाकी ओढून काढायची, अठरा लिटरची, दोघांना अडीच-तीन दिवस पुरते. गेल्या डिसेंबरात आंबेत, मंडणगडवरून दापोलीकडे गेलो होतो, तिसऱ्या दिवशी टाकीचा लाल दिवा लागला. पेट्रोल पंपावर विचारलं, त्यांच्या टॉयलेटमध्ये ओतू का, नाही म्हणाले. एका हॉटेलवाल्याने रूम घ्या मग ओता म्हणून सांगितलं. सार्वजनिक शौचालय सापडलं तर त्याला पाणी नव्हतं. एक जण सहज म्हणाला की पुढे नाला आहे, तिकडे टाका की, कोण बघतंय. मिस्टर गाडीत येऊन बसले आणि दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. आयुष्यभर मुलांना स्वच्छतेचे निबंध लिहायला लावले मी, मी नाल्यात टाकणार नव्हते.

शेवटी एका आंबेवाल्याच्या बागेजवळ थांबलो, पाणी मागायला म्हणून, आणि त्या दादांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी बरोबर होता, तुम्ही त्यात औषध कुठलं घालता? कारण निळं फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल असेल तर त्यांच्या सेप्टिक टँकमधले जंतू मरतात आणि टँक तुंबतो. आम्ही एन्झाइमवालं वापरतो, बाटली दाखवली, त्यांनी चष्मा लावून पूर्ण लेबल वाचलं, मग म्हणाले या. मागच्या संडासात मिस्टरांनी टाकीची तोटी फिरवून हळूहळू ओतलं, एका हाताने हवेचं बटण दाबून धरावं लागतं नाहीतर भकभक करून अंगावर उडतं, मग दोन बादल्या पाणी टाकून टाकी विसळली, परत विसळली. वहिनींनी हातावर ओतायला गरम पाणी आणि साबण आणून ठेवला होता. मला रडू आलं खरं सांगायचं तर. पैसे घेत नव्हते, बळेबळे दोनशे दिले, रात्री त्यांच्या आवारातच गाडी लावली, सकाळी घावणे खाऊन निघालो.

ही एका चांगल्या माणसाची गोष्ट झाली. पण उद्या रस्त्यावर अशा शंभर गाड्या आल्या तर शंभर चांगली माणसं कुठून आणायची, आणि त्यातले किती जण नाल्याजवळ थांबतील?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या आदल्या वर्षी कृषी पर्यटनाचं आणलं, दोन्हींचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पण कॅराव्हॅन पार्क म्हटलं की डोळ्यापुढे मोठा रिसॉर्ट येतो, आणि आमच्यासारख्यांना एवढं मोठं काहीच नकोय. इंग्लंडमध्ये काय आहे ते सांगते. तिथे कॅराव्हॅनवाल्यांचा क्लब १९०७ साली निघाला, अजून चालू आहे. तिथल्या १९६० च्या कायद्यात अशा मान्यताप्राप्त क्लबांना एक अधिकार दिलाय, शेतकऱ्याची जागा क्लबने बघायची, पसंत पडली की सर्टिफिकेट द्यायचं, मग त्या शेतात एका वेळी पाच गाड्यांपर्यंत क्लबच्या मेंबरांना राहता येतं, वेगळं लायसन्स लागत नाही. सोयी काय, तर प्यायच्या पाण्याचा नळ आणि टॉयलेटची टाकी ओतायची जागा, बाकी असलं तर असलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, आणि कोणी घाण केली तर क्लब जबाबदार, मेंबरशिप जाते. अमेरिकेतही १९६३ साली सूर्यग्रहण बघायला मेन राज्यात आपापल्या गाड्या घेऊन जमलेल्या कुटुंबांनी मिळून जो क्लब काढला तो आजही मेंबरांसाठी मेळावे भरवतो, वाटेत गाडी बिघडली तर मदतीची सोय करतो. क्लब म्हणजे नुसतं स्टिकर लावून एकत्र जेवणं नव्हे.

आमचा ठाणे, नवी मुंबईचा मिळून अकरा कुटुंबांचा ग्रुप आहे. दर तीन महिन्यांनी भेटतो, कोणाची वायरिंग जळली, कोणाचं छत गळलं, कुठला सिलंट पावसात टिकला हे सगळं तिथेच कळतं, एकट्याने गाडी घेतलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सचा घोळपण तिथेच सुटला, एक जण घाबरला होता की वेगळं लायसन्स लागेल, मग कोणीतरी नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणला, साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी एलएमव्ही, म्हणजे आपल्या साध्या कारच्या लायसन्सवर चालते. आता संस्था म्हणून नोंदणी करायचं चाललंय, १८६० च्या कायद्याने सात माणसं लागतात, ती आहेत. वर्गणीवरून थोडी कुरबुर झाली, कोणी म्हणालं हजार खूप होतात, पैसे कोणाच्या खात्यात ठेवायचे यावरून दोघं रुसले. माझं मत स्पष्ट आहे, पैसे संस्थेच्या नावावर, दोन सह्या, आणि दर वर्षी हिशोब सगळ्यांपुढे वाचून दाखवायचा, नाहीतर असे ग्रुप दोन वर्षांत मोडतात. आणि मेंबर होतानाच लिहून घ्यायचं की टाकी उघड्यावर ओतली तर बाहेर.

आमचं मागणं दोनच गोष्टींचं आहे. नवी मुंबई महापालिकेची स्वतःची मलप्रक्रिया केंद्रं आहेत, नेरुळला आहे, वाशीला आहे, त्यातल्या एखाद्याच्या आवारात रस्त्यालगत एक ओटा करून द्या, मध्ये झाकणाचं चेंबर, शेजारी टाकी धुवायचा नळ, आणि प्यायच्या पाण्याचा नळ त्यापासून चांगला लांब. आम्ही प्रत्येक वेळचे पैसे देऊ. ठाण्यातही असं एक हवं. आणि दुसरं पर्यटन खात्याला, कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीतच एक रकाना वाढवा, पाच कॅराव्हॅनपर्यंत मुक्काम, पाणी, पंधरा अँपिअरचा मीटरवाला प्लग, आणि मैला ओतायची सोय, तपासणी नोंदणीकृत क्लबने करायची आणि खात्याने शिक्का मारायचा. मोठा खर्च यात कुठेच नाही.

दापोलीच्या त्या दादांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. संडासाच्या मागे वेगळं चेंबर बांधून घेतलंय, भिंतीला मोठ्या प्लगचा बोर्डपण लावलाय, डिसेंबरात सगळ्या अकरा गाड्या आणा म्हणतात, पाच-पाच करून. मग जरा थांबून म्हणाले, ताई, पण ग्रामपंचायतीतून कोणी आलं आणि विचारलं की ह्या गाड्या कशाच्या परवानगीने उभ्या आहेत, तर मी त्यांना कुठला कागद दाखवू?

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई