स्लॅब टाकण्याआधी केलेल्या मदतीबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

दापोली तालुक्यातील आमच्या नव्या घरात आई-बाबांनी पहिला पावसाळा कोरडा आणि निर्धास्तपणे काढला, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्यालाही कारण आहे. सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झाल्यावर आपण आमच्या घरासाठी जे कष्ट घेतले, त्यांचा मोबदला आपण शेवटपर्यंत घेतला नाही. परंतु त्यातून आम्हाला जे कळले, ते समुद्रकाठी आरसीसीचे घर बांधू पाहणाऱ्या आणि त्यात ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या सोयी हव्या असणाऱ्या कोणालाही उपयोगी पडण्यासारखे आहे. ते आमच्याच घरापुरते ठेवणे मला योग्य वाटत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने आमच्या जुन्या घराची कौले आणि वासे उचलून नेले, मागची सुपारीची बाग आडवी केली, हे आपण शेजारी राहून पाहिले आहे. तालुक्यातील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्यानंतर घर काँक्रीटचेच बांधायचे, यावर घरात दुमत उरले नाही. मी नोकरीनिमित्त पुण्यात आणि आई-बाबा गावी, त्यामुळे पाण्याची टाकी, पंप, दिवे, दाराची घंटा आणि कॅमेरे दुरून पाहता यावेत, रात्री उठल्यावर वाटेतले दिवे आपोआप लागावेत, अशी माझी अपेक्षा होती. त्या उपकरणांची यादी घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण यादीतील एकाही वस्तूची किंमत विचारली नाही. यातले काँक्रीटच्या आत काय जाणार आणि बाहेर काय राहणार, एवढेच विचारलेत. पुढचे सारे नियोजन या एका प्रश्नावर उभे राहिले. उपकरणे पाच-सात वर्षांत बदलतील, त्यांच्या कंपन्याही बदलतील. पण स्लॅबमध्ये पुरलेला पाइप आणि कॉलममधली सळई पुन्हा बाहेर काढता येत नाही, म्हणून विचार आणि पैसा आधी तिथे खर्च करायचा, असा आपला आग्रह होता.

परवानग्यांचे काम आपण सुरुवातीलाच मार्गी लावून दिलेत. सातबारा, बिनशेती आणि सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) हद्द यांविषयी आपण स्वच्छ शब्दांत सांगितले म्हणून आम्ही मधल्या माणसांच्या फेऱ्यातून वाचलो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरा ऋणनिर्देश करायचा आहे तो खाऱ्या हवेबद्दल. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात समुद्रकाठच्या परिस्थितीला ‘तीव्र’ गटात धरले आहे आणि त्यासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त), पाणी-सिमेंटचे वजनी प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे, हे आपण पहिल्याच बैठकीत वहीत लिहून दिलेत. आसपासच्या घरांच्या अंदाजपत्रकांत मात्र सर्रास एम २० लिहिलेले असते, आणि हे आच्छादन राखणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या (ठोकळ्यांच्या) जागी खडीचे तुकडे सळईखाली सरकवलेले दिसतात. मिठातले क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते आणि त्या दाबाने काँक्रीट आतून फुटून खपल्या पडू लागतात, ही साखळी आपण बंदराकडच्या एका जुन्या इमारतीचे छज्जे दाखवून समजावलीत. ते पाहिल्यावर खर्च वाढतो म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

खाडीच्या वाळूला आपण ठाम नकार दिलात, तेव्हा ठेकेदार नाराज झाले होते, कारण ती वाळू जवळ मिळते आणि स्वस्त पडते. वाळूबरोबर येणारे मीठ कालवतानाच काँक्रीटमध्ये शिरते, मग बाहेरून कितीही रंग लावला तरी उपयोग नाही, हे आपण त्यांना शांतपणे सांगितलेत आणि धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणायला लावलीत. सिमेंटही स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले) निवडलेत, कारण ते क्लोराइडला अधिक चांगले अडवते. मात्र त्याची ताकद सुरुवातीला सावकाश येते म्हणून स्लॅबवर आळी घालून चौदा दिवस पाणी कोंडून ठेवायचे, आणि सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या व टेकू) काढायची घाई करायची नाही, अशी अट आपण करारातच लिहून घेतलीत. करारात पाणी मारण्याचे दिवस लिहिलेले मी तरी प्रथमच पाहिले.

स्लॅब भरताना माल पातळ करण्याचा मोह कसा असतो, हे ज्याने एकदा काम जवळून पाहिले त्याला ठाऊक आहे. सळई दाट आणि गवंडी दमलेले, त्यामुळे मिक्सरमध्ये एक बादली पाणी जास्त गेले की माल आपोआप पसरतो. आपण मिक्सरजवळ पाण्याचे माप ठेवायला लावलेत. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर, आणि ओल्या वाळूतले पाणी त्यातच धरायचे. माल वाहता हवा असेल तर पाण्याऐवजी मिश्रक (माल वाहता करणारे रसायन) वापरायचे. मालाचा पातळपणा मोजणारा स्लम्पचा शंकू आणि ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे, म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या क्यूबचे, साचे आपण सोबत आणले होते. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे चाचणीचे निकाल हाती येईपर्यंत पुढच्या टप्प्याचे देयक द्यायचे नाही, ही आपली सूचनाही कामाला आली. सुरुवातीला कुरकुरणारे ठेकेदार पुढे स्वतःच्या दुसऱ्या कामावर तेच साचे मागून नेऊ लागले, याचा मला विशेष आनंद वाटतो.

कोयनेचा १९६७ सालचा भूकंप आपल्या पिढीच्या आठवणीत आहे म्हणून असेल, पण कॉलमच्या रिंगांकडे (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांकडे) आपले लक्ष फार बारीक होते. रिंगेची टोके काटकोनात वाकवून सोडायची नाहीत, १३५ अंशांत आत वळवून कॉलमच्या गाभ्यात न्यायची, म्हणजे हादऱ्यात बाहेरचे आच्छादन सुटले तरी रिंग उघडत नाही. फिटरने एका कॉलमच्या रिंगा पुन्हा बांधल्या, तेव्हा आपण त्याच्या शेजारी बसून त्याच्याशी घरच्या गोष्टी बोलत होता. आपल्या कडकपणाचे कोणाला वाईट का वाटत नाही, ते मला त्या दिवशी कळले.

आता वीज आणि स्मार्ट सोयींकडे वळतो, कारण आपण स्वतःला या विषयात अडाणी म्हणवता आणि ते मला मान्य नाही. पाइपांचा नकाशा स्लॅबच्या आधी तयार हवा, हा हट्ट आपलाच. गावाकडे बहुधा भिंती उभ्या राहिल्यावर झिरी मारून पाइप बसवतात. आपण प्रत्येक खोलीतले बोर्ड, पंखे, कॅमेरे आणि वाय-फायची जागा आधी ठरवायला लावलीत, पाइप खालच्या-वरच्या सळईच्या मधून नेलेत, कॉलममधून एकही जाऊ दिला नाहीत, आणि प्रत्येक मजल्यावर काही पाइप रिकामे, आत ओढतार (पुढे नवी वायर ओढून घेण्यासाठीची तार) घालून ठेवलेत. काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक भागावर टेप पसरून छायाचित्रे काढायला लावलीत. त्या छायाचित्रांची फाइल आज घरातील सर्वांत कामाची वस्तू आहे. बाबांनी पडद्याचा दांडा बसवताना भिंतीत भोक पाडण्याआधी तीच उघडली.

आरसीसीचा स्लॅब आणि चिऱ्याची जाड भिंत वाय-फायच्या लहरींना चांगलीच अडवते, हे बहुतेकांना घर पूर्ण झाल्यावर कळते आणि मग ते जास्त शक्तीचा राउटर विकत घेत बसतात. आमच्याकडे खालच्या मजल्यावर, माडीवर आणि पडवीत कॅट-६ केबल (नेटवर्कची तार) आधीच पोचली होती, म्हणून प्रत्येक ठिकाणी वाय-फाय पसरवणारा छोटा ॲक्सेस पॉइंट लावून प्रश्न मिटला. बाहेरचे कॅमेरेही त्याच केबलवर वीज घेतात. बोर्डांच्या बाबतीत वायरमनला पटवायला वेळ लागला, कारण ज्या बोर्डात प्लग नसतो तिथे बहुधा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नेलेलाच नसतो आणि जिन्याच्या टू-वे बटणाला त्याची गरजही नसते. पण बटणामागे बसणाऱ्या स्मार्ट मॉड्यूलला सतत थोडी वीज लागते. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि जास्त खोलीची पेटी, हा निर्णय तेव्हा किरकोळ वाटला होता. आता नवे मॉड्यूल पेटीत बसवायला काहीच फोडावे लागत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, इंटरनेट नसताना आणि वीज गेलेली असताना हे घर साधे घर म्हणून चालले पाहिजे, ही आपली अट. निसर्ग वादळानंतरचे ते आठवडे आपल्या डोळ्यांसमोर होते. म्हणून दिव्यांचे नेहमीचे बटण तसेच ठेवले, मॉड्यूल त्यामागे गेले. दिवे लावण्या-विझवण्याचे नियम घरातल्याच झिगबी हबमध्ये (उपकरणांना बिनतारी जोडणाऱ्या पेटीत) चालतात, कुठल्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाहीत. छतावरील सौर पॅनेल केवळ ऑन-ग्रिड (बॅटरीविना, थेट बाहेरच्या वीजवाहिनीला जोडलेले) घेतले तर वीज गेल्यावर तेही बंद पडतात, कारण तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ही बाब विक्रेते फारशी बोलत नाहीत, आणि प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या ७८,००० रुपयांपर्यंतच्या अनुदानाच्या चर्चेत ती हरवून जाते. आपण मला बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (वीज गेल्यावरही चालू राहणारा) घ्यायला लावलेत आणि राउटर, हब, स्वच्छतागृह व जिन्यातील दिवे आणि आईच्या खोलीचा पंखा यांची वेगळी लाइन काढायला लावलीत.

जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिचा विद्युत्रोध वाढतो, म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करायची, पावसाळ्यात करून समाधान मानायचे नाही, हा सल्ला मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडला नव्हता. अर्थिंगचे खड्डे आपण विहिरीच्या बाजूच्या ओलसर जागी घेतलेत. मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) आणि विजेच्या लोटापासून उपकरणांना वाचवणारे एसपीडी बसवल्याशिवाय एकही महागडे उपकरण घरात आणू दिले नाहीत. पंपाला टाकीच्या पातळीबरोबर विहिरीच्या पातळीचाही सेन्सर लावला, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की पंप कोरडा न चालता थांबतो. आईला या साऱ्या यंत्रणेतील एवढीच एक गोष्ट मनापासून आवडते.

एका बाबतीत मी आपले ऐकले नाही, तेही इथे नोंदवतो. भिंतीशी बोलून दिवा लावणे आपल्याला पोरकट वाटते. पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बाबांना अंथरुणातून उठणे जड जाते आणि त्यांच्यासाठी ते उपयोगाचे आहे. दाराच्या बोटाच्या ठशाच्या कुलुपाला मात्र आपण साध्या किल्लीची जोड मागितलीत, आणि खारट ओलाव्यात त्या कुलपाचा काय भरवसा, हा आपला प्रश्न मला तेव्हाही पटला होता.

पाइपांचे नकाशे, छायाचित्रे, क्यूब चाचण्यांचे अहवाल आणि अर्थिंगच्या नोंदी यांची एक प्रत या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. गावात ज्यांचे काम सुरू व्हायचे आहे त्यांना ती जरूर दाखवावी. घर पाहायचे असेल तर बाबा दाखवतील. आपल्या सूचनेप्रमाणे गच्चीवरील पन्हाळी, पॅनेलच्या सांगाड्याचे बोल्ट आणि अर्थिंग यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात ठेवली आहे. त्या दिवशी आपण वेळ काढून यावे, आणि जेवण आमच्याकडेच करावे, असे आईचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या शेजारच्या घरचा थोरला मुलगा